शनिवारचे ४३ गुण

मोटोजीपी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जागतिक मोटरसायकल अजिंक्यपद स्पर्धेच्या २०२४ च्या हंगामातील पहिली ग्रां प्री १० मार्च रोजी कतारमधील लुसैल येथे झाली आणि शेवटची १७ नोव्हेंबरला बार्सिलोनाजवळच्या सर्किटवर. या आठ महिन्यांतील २० ग्रां प्रींपैकी ११ जिंकणाऱ्या फ्रान्चेस्को बन्याया या इटालियन स्वाराला विश्वविजेतेपद मिळाले नाही. ते मिळाले अवघ्या तीन जिंकणाऱ्या होर्हे मार्टिन या स्पॅनिश स्वाराला. अंतिम गुणतक्त्यात मार्टिनच्या नावावर ५०८ गुण होते आणि बन्यायाच्या नावावर ४९८. सोमवारच्या वर्तमानपत्रात निकालाची चौकट तेवढी वाचणाऱ्याला हा निकाल अन्यायाचा वाटला, तर त्यात नवल नाही, कारण सर्वांच्या आधी रेषा ओलांडणे हेच शर्यतीचे सार, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. परंतु ज्याने हा हंगाम पहिल्या सरावापासून पाहिला, त्याला मार्टिनचे विजेतेपद उघड दिसत होते आणि ते कुठे कमावले गेले, हेही ठाऊक होते. मोटरसायकल शर्यतींचा चाहता होणे म्हणजे एखादी शर्यत पाहणे नव्हे, तर हंगाम पाहणे होय, आणि २०२४ इतका या भेदाचा स्पष्ट पुरावा दुसऱ्या कोणत्याही अलीकडच्या वर्षाने दिलेला नाही.

मोटोजीपीचा प्रत्येक टप्पा तीन दिवसांचा असतो. शुक्रवारी दुपारच्या सरावात सर्वांत वेगवान ठरलेले दहा स्वार पात्रता फेरीच्या दुसऱ्या भागात, चाहत्यांच्या भाषेत क्यू-टूमध्ये, थेट जातात. उरलेल्यांना शनिवारी सकाळी क्यू-वन या १५ मिनिटांच्या सत्रात नशीब आजमावावे लागते आणि त्यातून दोघेच वर सरकतात. क्यू-टूच्या १५ मिनिटांत ज्याची एखादी फेरी सर्वांत कमी वेळात पूर्ण होते, त्याला आरंभरेषेवरचे पहिले स्थान, म्हणजे पोल पोझिशन, मिळते. ही क्रमवारी शनिवार आणि रविवार अशा दोन्ही शर्यतींना लागू असल्याने शुक्रवारी दुपारी एखाद्या स्वाराकडून झालेली लहानशी चूक पुढचे दोन्ही दिवस त्याचा पिच्छा पुरवते.

दोन शर्यतींची ही पद्धत फार जुनी नाही. शनिवारी दुपारी होणारी, मुख्य शर्यतीच्या सुमारे निम्म्या अंतराची 'स्प्रिंट' २०२३ पासून प्रत्येक टप्प्यावर सुरू झाली. रविवारच्या ग्रां प्रीत विजेत्याला २५, दुसऱ्याला २०, तिसऱ्याला १६ असे उतरत्या क्रमाने पंधराव्या क्रमांकापर्यंत गुण मिळतात; स्प्रिंटमध्ये विजेत्याला १२, दुसऱ्याला ९, तिसऱ्याला ७ आणि नवव्या क्रमांकाला एक गुण असतो. म्हणजे एका टप्प्यावर जास्तीत जास्त ३७ गुण मिळू शकतात आणि त्यांतील जवळपास एकतृतीयांश शनिवारचे असतात. जुन्या चाहत्यांना स्प्रिंट रुचली नव्हती. ग्रां प्रीच्या इतिहासात स्प्रिंटच्या विजयाची गणना होत नाही, तिला रविवारची प्रतिष्ठाही नाही; गुणतक्त्यात मात्र तिचा पुरेपूर हिशेब होतो.

तो हिशेब मांडून पाहावा. केवळ रविवारचे गुण धरले, तर २०२४ मध्ये बन्यायाचे ३७० आणि मार्टिनचे ३३७ होतात, म्हणजे बन्याया ३३ गुणांनी पुढे राहतो. केवळ शनिवारचे धरले, तर मार्टिनचे १७१ आणि बन्यायाचे १२८ होतात, म्हणजे मार्टिन ४३ गुणांनी पुढे जातो. या दोन आकड्यांमधील दहाचा फरक म्हणजेच विश्वविजेतेपद. इथे एक गोष्ट नीट लक्षात घेतली पाहिजे: दोघांनीही प्रत्येकी सात स्प्रिंट जिंकल्या होत्या. तेव्हा मार्टिन शनिवारी अधिक वेळा जिंकत होता, असे मुळीच नाही. बन्यायाच्या खात्यात शनिवारी पाच वेळा शून्य लागले, मार्टिनच्या खात्यात दोन वेळा, आणि सारा फरक या शून्यांचा होता. रविवारची तीन शून्ये मिळवली, तर बन्याया त्या वर्षी एकूण आठ वेळा रिकाम्या हाताने परतला, आणि यांतली काही पडझड त्याच्या चुकीची होती, काही दुसऱ्याच्या धडकेची, तर एक यंत्राच्या बिघाडाची.

त्या आठांपैकी एक प्रसंग जवळून पाहण्यासारखा आहे, कारण त्यात या खेळाचे यंत्रशास्त्र आणि स्वाराचे मन अशा दोन्ही गोष्टी एकत्र दिसतात. बार्सिलोनाजवळच्या माँटमेलो सर्किटवर मे महिन्यातल्या शनिवारी झालेल्या स्प्रिंटमध्ये राऊल फर्नांडेझ आघाडीवर असताना पडला, त्यानंतर आघाडीवर आलेला ब्रॅड बाइंडर पडला, आणि त्याच्या जागी आलेला बन्याया शेवटच्या फेरीत पाचव्या वळणावर पडला. विजय आलेइश एस्पारगारोला मिळाला. या सर्किटवर उजवी वळणे अधिक असल्याने टायरची उजवी बाजू सतत तापलेली राहते आणि डावी बाजू त्या मानाने थंड पडते; पाचवे वळण डावीकडचे आहे आणि उताराच्या दिशेने जाते. ब्रेक लावून, यंत्र जमिनीशी जेमतेम तीस अंशांचा कोन करेपर्यंत डावीकडे झुकवून स्वार त्या वळणात शिरतो, तेव्हा त्याचा सारा भरवसा पुढच्या टायरच्या तळहाताएवढ्या, अर्धवट थंड झालेल्या रबरावर असतो. तिथे पकड सुटली, तर सावरायला वेळच उरत नाही. दुसऱ्या दिवशी, रविवारी, बन्यायाने मार्टिनला मागे टाकले ते याच पाचव्या वळणावर, आणि ग्रां प्री जिंकली. ज्या वळणाने चोवीस तासांपूर्वी दगा दिला, त्याच वळणावर जाणूनबुजून प्रतिस्पर्ध्याला ओलांडणे, हे धैर्य निर्विवाद आहे. पण त्या विजयाचे २५ गुण आदल्या दिवशी गमावलेले १२ गुण परत आणू शकत नव्हते.

या दोन स्वारांची ओळख जुनी होती आणि त्या ओळखीत मुंबईचाही एक धागा आहे. मोटोजीपीच्या खाली मोटो-टू आणि मोटो-थ्री असे दोन वर्ग असतात, आणि बहुतेक स्वार २५० सीसीच्या हलक्या यंत्रांच्या मोटो-थ्रीमधून वर चढत येतात. मुंबईच्या महिंद्रा समूहाने २०११ मध्ये जागतिक अजिंक्यपदाच्या १२५ सीसी वर्गात पाऊल ठेवले आणि पुढे मोटो-थ्रीमध्ये २०१७ पर्यंत स्वतःची यंत्रे उतरवली. २०१५ आणि २०१६ मध्ये महिंद्राच्या यंत्रांवर अस्पार या स्पॅनिश संघाकडून जे तरुण स्वार धावत होते, त्यांत बन्याया आणि मार्टिन हे दोघेही होते. २६ जून २०१६ रोजी नेदरलँड्समधील आसेन येथे बन्यायाने मोटो-थ्रीची शर्यत जिंकली, तो महिंद्राचा ग्रां प्रीतील पहिला विजय होता, आणि त्याच वर्षी झेक प्रजासत्ताकातील ब्रनो येथे पावसात झालेल्या शर्यतीत मार्टिन महिंद्रावर दुसरा आला. आठ वर्षांनंतर जगातील सर्वांत वेगवान मोटरसायकलींवर ज्यांनी विश्वविजेतेपदासाठी झुंज दिली, ते दोघे एकेकाळी भारतीय नाव रंगवलेल्या यंत्रांवर एकाच गॅरेजमध्ये वाढले होते, ही गोष्ट आपल्याकडे जितकी माहीत असायला हवी होती तितकी ती झाली नाही. २०१८ मध्ये बन्याया मोटो-टूचा आणि मार्टिन मोटो-थ्रीचा विश्वविजेता झाला. पुढे दोघेही डुकाटीच्या यंत्रांवर मोटोजीपीत आले.

मात्र एकाच यंत्रावर असणे आणि एकाच संघात असणे यांत अंतर असते. मोटोजीपीत यंत्रे बनवणाऱ्या कंपनीचा स्वतःचा संघ असतो, त्याला कारखान्याचा संघ म्हणतात, आणि त्या कंपनीची यंत्रे भाड्याने घेऊन धावणारे स्वतंत्र संघ असतात. बन्याया कारखान्याच्या लाल संघात होता, तर मार्टिन प्रामॅक या स्वतंत्र संघात. २०२४ मध्ये २२ स्वारांपैकी आठ जण डुकाटीवर होते. त्यांपैकी चौघांना त्या वर्षीचे नवे यंत्र मिळाले होते आणि मार्टिन त्या चौघांत होता. मार्क मार्केझसह उरलेल्या चौघांना आदल्या वर्षीच्या यंत्रावर भागवावे लागले. यंत्राच्या बाबतीत मार्टिनवर अन्याय झाला नाही, हे स्पष्ट म्हटले पाहिजे. त्याला हवी होती ती कारखान्याच्या संघातील जागा, आणि ती त्याला दोनदा हुलकावणी देऊन गेली: २०२२ मध्ये ती एनेआ बास्तियानिनीला मिळाली, आणि २०२४ च्या जून महिन्यात, मार्टिन गुणतक्त्यात पहिल्या क्रमांकावर असताना, डुकाटीने पुढील वर्षासाठी मार्केझची निवड केली. इटलीतील मुजेल्लोच्या शर्यतीनंतर दुसऱ्याच दिवशी मार्टिनने अप्रिलियाशी करार केल्याचे जाहीर झाले. त्यानंतरचे पाच महिने तो ज्या कंपनीला सोडून जाणार होता, त्याच कंपनीच्या यंत्रावर, त्याच कंपनीच्या लाडक्या स्वाराविरुद्ध विजेतेपदासाठी झुंजत राहिला. व्यावसायिक खेळाच्या जगात अशी परिस्थिती क्वचितच निर्माण होते. त्यातही प्रामॅकच्या यंत्राबाबत कुणी हात आखडता घेतला असे दिसले नाही, हे डुकाटीच्याही श्रेयाचे आहे.

हंगामाच्या पूर्वार्धात मार्टिनही शून्यांपासून मुक्त नव्हता. स्पेनमधील हेरेझ येथे तो आघाडीवर असताना पडला, आणि जर्मनीतील झाक्सनरिंग येथे तीस फेऱ्यांच्या शर्यतीत एकोणतिसाव्या फेरीला, विजय हातात आलेला असताना, पहिल्याच वळणावर पडला. त्या पडण्याने बन्याया दहा गुणांनी आघाडीवर गेला आणि उन्हाळी सुटीपूर्वी अनेकांनी विजेतेपद त्याला देऊनही टाकले. तेथून पुढे जे घडले त्यावर खऱ्या चाहत्याची दृष्टी खिळायला हवी होती. जर्मनीनंतरच्या ११ ग्रां प्रींमध्ये मार्टिन एकदाही पडला नाही. त्याचे क्रमांक असे आहेत: दुसरा, दुसरा, दुसरा, पंधरावा, दुसरा, पहिला, दुसरा, दुसरा, दुसरा, दुसरा, तिसरा. त्याच ११ शर्यतींमध्ये बन्यायाने पाच जिंकल्या आणि दोन अर्धवट सोडल्या. या यादीतला 'दुसरा' हा शब्द पुन्हा पुन्हा वाचताना कंटाळवाणा वाटेल, पण त्यात प्रचंड आत्मसंयम आहे. २०२३ मध्ये हाच मार्टिन बन्यायापेक्षा कितीतरी अधिक स्प्रिंट जिंकूनही विजेतेपद गमावून बसला होता. एका वर्षात त्याने वेग कमी केला नाही, पण वेग कुठे खर्च करायचा नाही, हे तो शिकला.

यादीतला पंधरावा क्रमांक सप्टेंबरमधल्या मिसानोचा आहे. इटलीच्या एड्रियाटिक किनाऱ्याजवळच्या या सर्किटवर शर्यत चालू असताना थोडे थेंब पडू लागले. अशा वेळी पांढरा झेंडा दाखवला जातो आणि स्वाराला पिट लेनमध्ये, म्हणजे संघांच्या गॅरेजसमोरच्या मार्गिकेत, येऊन पावसाच्या टायरांचे दुसरे यंत्र घेण्याची मुभा मिळते. मार्टिनने आत येऊन यंत्र बदलले. पाऊस मात्र थांबला, ट्रॅक कोरडाच राहिला, आणि कोरड्या डांबरावर पावसाचे मऊ टायर क्षणात निकामी होत असल्याने त्याला पुन्हा आत येऊन पहिले यंत्र घ्यावे लागले. तो एका फेरीने मागे पडून पंधरावा आला आणि एक गुण मिळवून परतला. मार्केझ जिंकला, बन्याया दुसरा आला, आणि २६ गुणांची आघाडी सातवर आली. ढगाकडे पाहून निर्णय घेण्याची वेळ प्रत्येक स्वारावर येते. त्या दिवशी मार्टिनचा निर्णय चुकला. त्याने एक गुणासाठी शर्यत पूर्ण केली, ही बाब मात्र नोंदवण्याजोगी आहे.

या हंगामातील यंत्रांविषयी थोडे सांगितल्याशिवाय मार्टिन आणि बन्याया यांच्या झुंजीचे स्वरूप कळणार नाही. मोटोजीपीचे यंत्र रस्त्यावर विकल्या जाणाऱ्या मोटरसायकलीचे सुधारित रूप नसते. ते केवळ शर्यतीसाठी घडवलेले १००० सीसीचे, चार सिलिंडरचे, किमान १५७ किलो वजनाचे यंत्र असते आणि सरळ मार्गावर ते ताशी ३५० किलोमीटरची मर्यादा ओलांडते. २०२३ मध्ये मुजेल्लोच्या सरळ पट्ट्यावर बाइंडरच्या केटीएमने ताशी ३६६.१ किलोमीटरची नोंद केली. गेल्या दशकात या यंत्रांना पंख फुटले. पुढच्या आणि बाजूच्या भागांवरील हे पंख हवेच्या दाबाने पुढचे चाक जमिनीला चिकटवून ठेवतात, त्यामुळे यंत्र स्थिर राहते, पण मागून येणाऱ्याच्या वाट्याला ढवळलेली, गरम हवा येते. पुढच्याच्या शेपटीला लागून दोन-चार फेऱ्या मारल्या की मागच्याचा पुढचा टायर तापतो, त्यातला दाब वाढतो आणि ब्रेक लावताना चाक सरकू लागते. याच कारणाने अलीकडच्या शर्यतींमध्ये पहिल्या दोन फेऱ्यांत जो पुढे गेला, तो बहुधा पुढेच राहतो, आणि चाहत्यांची तक्रार रास्त आहे की पूर्वीसारखी शेवटच्या फेरीपर्यंतची चढाओढ कमी झाली.

टायरच्या दाबाचा हा प्रश्न नियमातही उतरला आहे. सर्व संघांना टायर पुरवणाऱ्या मिशेलिन कंपनीने सुरक्षिततेसाठी पुढच्या टायरचा किमान दाब ठरवून दिला असून, २०२४ मध्ये तो १.८ बार होता. ग्रां प्रीच्या किमान ६० टक्के फेऱ्यांत तो पाळला गेला नाही, तर स्वाराच्या वेळेत १६ सेकंद मिळवले जात. परिणाम असा की एकटा आघाडीवर धावणाऱ्याचा टायर थंड राहून दाब कमी पडू शकतो, म्हणून संघ कोण कुठे धावेल याचा अंदाज बांधून सकाळी हवा भरतात. जूनच्या अखेरीस आसेन येथे मार्केझने स्वतःच्या टायरचा दाब वाढावा म्हणून मागच्या स्वाराला मुद्दाम पुढे जाऊ दिले, तरीही तो चौथा येऊन दंडामुळे दहावा झाला. नवख्या प्रेक्षकाला अशी घटना अगम्य वाटते. ज्याने शुक्रवारचा सराव पाहिलेला असतो, त्याला ती वाचता येते.

सराव पाहणे हे चाहतेपणाचे खरे शिक्षण आहे. प्रत्येक फेरी चार भागांत विभागलेली असते आणि वेळेच्या पडद्यावर स्वाराच्या प्रत्येक भागाची वेळ हजारांश सेकंदापर्यंत उमटत असते. सत्राच्या शेवटी नवे मऊ टायर लावून जो सर्वांत कमी वेळ नोंदवतो, त्याचे नाव बातमीत येते. पण जाणता चाहता पंधरा-वीस फेऱ्या वापरलेल्या टायरवर कोण सातत्याने तीच वेळ काढतो आहे, हे पाहतो, कारण रविवारच्या शेवटच्या टप्प्यात त्याच वेळा कामास येतात. बन्यायाचे बळ इथेच होते. तो शुक्रवारी सावकाश सुरुवात करी, यंत्राची मांडणी सत्रागणिक सुधारत नेई आणि रविवारी दुपारी त्याला गाठणे कठीण होऊन बसे. शनिवार त्याच्या या पद्धतीच्या मध्येच येत असे.

महाराष्ट्रातून हा हंगाम पाहणाऱ्याचे घड्याळ या काळात विलक्षण चालते. युरोपातील बहुतेक शर्यती आपल्याकडे रविवारी सायंकाळी साडेपाचला सुरू होतात, तर अमेरिकेतील ऑस्टिनची शर्यत मध्यरात्रीनंतर. ऑस्ट्रेलियातील फिलिप आयलंडसाठी सकाळी साडेआठला, जपानच्या मोतेगीसाठी साडेदहाला आणि मलेशियाच्या सेपांगसाठी दुपारी साडेबाराला पडद्यासमोर बसावे लागते. फ्रान्समधील ल मान येथे २०२४ मध्ये तीन दिवसांत २,९७,४७१ प्रेक्षक आले. आपल्या वाट्याला असे दृश्य एकदाच, तेही महाराष्ट्राबाहेर आले. सप्टेंबर २०२३ मध्ये ग्रेटर नोएडातील बुद्ध आंतरराष्ट्रीय सर्किटवर भारतातील पहिली मोटोजीपी शर्यत झाली. मार्को बेझ्झेकी जिंकला, शनिवारची स्प्रिंट मार्टिनने जिंकली, आणि उष्म्यामुळे २४ ऐवजी २१ फेऱ्यांची केलेली मुख्य शर्यत दुसऱ्या क्रमांकावर संपवल्यानंतर मार्टिन शरीरातील पाणी कमी झाल्याने कोसळला. २०२४ च्या मूळ वेळापत्रकात २२ सप्टेंबर ही तारीख भारताची होती. ती शर्यत रद्द झाली, तिच्या जागी ठरलेली कझाकस्तानची शर्यतही झाली नाही, आणि त्या तारखेला मिसानो येथे एकाच महिन्यात दुसरी ग्रां प्री भरवली गेली. याच शर्यतीत बन्याया पडला आणि शेवटच्या फेरीत बास्तियानिनीने मार्टिनला धडक देत मागे टाकले.

तरीही महाराष्ट्राचे या खेळाशी नाते कोरडे नाही. मोटोजीपीत उतरणाऱ्या केटीएम या ऑस्ट्रियन कंपनीत पुण्याच्या बजाज ऑटोची गुंतवणूक २००७ पासून आहे आणि तिच्या छोट्या मोटरसायकली चाकणला बनतात. मार्टिन ज्या अप्रिलियाकडे गेला, तिची आरएस ४५७ बारामतीच्या कारखान्यातून बाहेर पडते. २०२४ चा हंगाम संपून पंधरवडाही झाला नसताना, २९ नोव्हेंबरला केटीएमने दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू केली, आणि २०२५ मध्ये तिला सावरण्यासाठी लागणारा मोठा निधी बजाजने उभा केला. ग्रां प्रीच्या मैदानातील एका संघाचे भवितव्य काही काळ आकुर्डीत, बजाजच्या मुख्यालयात, ठरत होते, ही बाब मराठी क्रीडापानांवर अधिक यायला हवी होती.

हंगामाचा उत्कर्षबिंदू ३ नोव्हेंबरला सेपांग येथे आला. आदल्या दिवशी बन्याया स्प्रिंटमध्ये पडला होता आणि मार्टिन जिंकला होता, त्यामुळे अंतर २९ गुणांचे झाले होते. रविवारची पहिली सुरुवात दुसऱ्या वळणावरील अपघातामुळे लाल झेंडा दाखवून थांबवावी लागली; पुन्हा सुरू झालेल्या १९ फेऱ्यांच्या शर्यतीत पहिल्या तीन फेऱ्या या दोघांनी अशा रीतीने लढवल्या की एकाने वळणाच्या आत शिरून पुढे जावे आणि दुसऱ्याने त्याच वळणाच्या बाहेर पडताना जागा परत घ्यावी, असे कितीतरी वेळा घडले. बन्याया पडला असता, तर विजेतेपदाचा निकाल तिथेच लागला असता, आणि मार्टिन पडला असता, तर त्याची जवळपास सारी आघाडी गेली असती; तरीही दोघांपैकी कुणीही हँडल दुसऱ्यावर लोटले नाही. एकदा मार्टिनचे यंत्र निसटता निसटता सावरले आणि तेव्हापासून त्याने बन्यायाला जाऊ दिले. बन्याया जिंकला, मार्टिन दुसरा आला आणि अंतर २४ वर राहिले. पंख आणि तापलेल्या टायरांच्या या काळात इतकी निर्मळ आणि इतकी धोक्याची झुंज पाहायला मिळणे दुर्मीळ होते. गेल्या दहा वर्षांतील मोटोजीपीच्या सर्वोत्तम तीन फेऱ्यांत तिची गणना करावी लागेल.

शेवटची शर्यत परंपरेने स्पेनमधील व्हॅलेन्सियात होते. २९ ऑक्टोबर २०२४ रोजी त्या प्रांतात आलेल्या पुराने दोनशेहून अधिक माणसे दगावली, आणि ज्या रस्त्यांवर मदतीच्या गाड्या चालत होत्या, त्याच रस्त्यांनी शर्यतीचे ताफे नेणे अशक्य आणि अनुचित होते, हे अनेक स्वारांनी उघड बोलून दाखवले. शर्यत बार्सिलोनाला हलवून पूरग्रस्तांना अर्पण करण्यात आली. शनिवारी बन्यायाने स्प्रिंट जिंकली, मार्टिन तिसरा आला आणि १९ गुण उरले. आता बन्याया रविवारी जिंकला, तरी मार्टिनला नववा क्रमांक पुरेसा होता; दहावा आला असता, तर दोघांचे गुण समान होऊन अधिक विजयांच्या बळावर बन्याया विजेता ठरला असता. मार्टिन तिसरा आला. प्रामॅक हा स्वतंत्र संघ होता, आणि २००२ मध्ये मोटोजीपी हे नाव आल्यापासून स्वतंत्र संघाच्या स्वाराने विजेतेपद मिळवण्याची ही पहिली वेळ होती. त्यापूर्वीचा असा विजेता म्हणजे २००१ मधील व्हॅलेंटिनो रॉसी.

एका हंगामात ११ ग्रां प्री जिंकूनही विजेतेपद न मिळालेला बन्याया हा उच्चतम वर्गाच्या इतिहासातील पहिला स्वार आहे. २००६ मध्ये अमेरिकन निकी हेडन दोन विजयांवर विश्वविजेता झाला आणि पाच विजय मिळवणारा रॉसी पाच गुणांनी मागे राहिला, तेव्हाही असाच वाद झाला होता. हेडनचे विजेतेपद आज कुणी कमी लेखत नाही आणि मार्टिनचेही कुणी लेखू नये. ४० शर्यतींपैकी ३२ मध्ये पहिल्या तिघांत येणे, तेही जूनपासून आपल्याला हवी असलेली जागा दुसऱ्याला दिली गेली आहे हे ठाऊक असताना, हा कोणत्याही एका विजयापेक्षा मोठा पराक्रम आहे. बन्याया त्या वर्षीचा सर्वांत वेगवान स्वार होता, असे म्हणणाऱ्याशीही वाद घालण्याचे कारण नाही. अजिंक्यपद मात्र वेगाला नाही, हंगामाला दिले जाते.

पुढच्या वर्षी मार्टिन अप्रिलियावर १ हा क्रमांक लावून आला, पण फेब्रुवारीतील चाचणीपासून सुरू झालेल्या दुखापतींनी त्याचे बहुतेक वर्ष हिरावून घेतले, आणि २०२५ चे विजेतेपद मार्केझने पाच टप्पे शिल्लक असतानाच मोतेगी येथे निश्चित केले. २०२७ पासून इंजिन ८५० सीसीचे होणार आहे, टायर मिशेलिनऐवजी पिरेली पुरवणार आहे, आणि वळणातून बाहेर पडताना यंत्र खाली बसवणारी साधने बंद होणार आहेत. त्यामुळे १००० सीसीच्या या यंत्रांचा २०२६ हा शेवटचा हंगाम आहे. त्यातली पहिली ग्रां प्री १ मार्चला थायलंडमधील बुरिराम येथे ठरली होती, आणि ज्या वाचकाला हा खेळ पाहायला सुरुवात करायची असेल, त्याने शनिवारची स्प्रिंट चुकवू नये.